शेंदराची रेघ

१

हरणाबाईला न्यायला होडी पार दारात आली होती, पण म्हातारी काही केल्या उठली नाही. "माज्या लेकानं रेघ बघून बांधलंय घर. हितं पाणी येत न्हाई," असं तिनं होडीवाल्यांना खडसावलं आणि वाकळ पांघरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लेक म्हणजे गुंडा गवंडी. तो तेव्हा दुसऱ्या होडीतून मळ्यातल्या वस्तीवरची माणसं काढत होता. सून अंजना पोरांना घेऊन आधीच छावणीत पोचली होती. त्या रात्री घरात पाणी आलं. फार नाही, पोटरीभर. पण रात्रभर गार पाण्यात बसून म्हातारीच्या छातीत थंडी भरली आणि सांगलीच्या दवाखान्यात तिनं डोळे मिटले. पाण्यानं मेली म्हणण्यापेक्षा भरवशानं मेली, असंच म्हणायला हवं.

कोडं होतं ते पुढेच. कृष्णाकाठच्या या बेलघाटात एकोणीसच्या महापुरानं खालची आळी धुऊन नेली होती. त्यानंतर गावानं मोठं शहाणपण केलं. पुन्हा बांधायचं ते उंच खांबांवर, विजेची बटणं छातीच्या वर, धान्याची पोती माळ्यावर, आणि घरातली फरशी महापुराच्या रेघेच्या वीतभर वर. ती रेघ कृष्णामाईच्या देवळाच्या भिंतीवर शेंदरानं ओढलेली होती. नदी देवी, म्हणून तिच्या पाण्याची खूणही देवाचीच. बायका तिला हळदीकुंकू वाहायच्या.

एकवीस साली पुन्हा पूर आला, हरणाबाईला घेऊन गेला तोच. यंदाचं पाणी महापुराहून कमीच होतं, देवळावरच्या शेंदरी रेघेच्या चार बोटं खाली थांबलेलं. आणि तरीही खालच्या आळीतल्या एकूण एक नव्या घरात ते शिरलं. रेघेच्या वर बांधलेल्या घरात रेघेखालचं पाणी शिरतंच कसं?

गावाला उत्तर शोधायला वेळ लागला नाही. घरं कुणी बांधली? गुंडानं. मग फरशी खाली बसवून वरचं सामान कुणी खाल्लं? गुंडानंच. पारावर, पिठाच्या गिरणीत, जिथं तिथं हेच. एक जण तर त्याच्या तोंडावर म्हणाला की आईला तूच मारलीस. गुंडा भांडला नाही. घरी गेला, बापाची थापी घेतली आणि विहिरीत टाकली.

त्याच दिवशी सरपंच कृष्णातनं दुष्काळी माण तालुक्यातल्या आपल्या पलटणीच्या मित्राला फोन लावला.

२

सुभेदार वीरधवल काटकर दहिवडीकडचे. तिकडे पाणी येतं ते टँकरनं, आणि पूर फक्त टीव्हीत. अशा माणसाला पुराचा न्याय करायला बोलावणं म्हणजे उंटाला पोहण्याची परीक्षा घ्यायला लावण्यासारखं होतं. पण वीरधवलला पलटणीत एक नाव होतं. मेसमधली चोरी असो की कोतातली, म्हणजे हत्यारांच्या कोठीतली, हरवलेली दुर्बीण, तो आरडाओरडा न करता माणसांशी बोलत बसायचा आणि संध्याकाळपर्यंत चोर त्याच्यासमोर मान खाली घालून उभा असायचा.

शिवाय बोलावणारा कृष्णात होता. बर्फातल्या चौकीवर वीरधवलच्या पायाची बोटं काळी पडायला लागली, तेव्हा ते पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेऊन रात्रभर बसलेला कृष्णात. त्याच्या हाकेला वीरधवल नाही कसा म्हणणार? त्यानं पिशवी भरली आणि एस.टी. पकडली.

कृष्णातनं त्याला थेट देवळाकडे नेलं. वाटेत सांगत होता. गावची माणसं परतायच्या आधी तो एकटा आला होता. देऊळ चिखलानं भरलं होतं. परत येणाऱ्या बायकांना पहिल्यांदा देवी तरी स्वच्छ दिसावी म्हणून त्यानं स्वतः पाइप घेऊन देऊळ धुतलं, स्वतः चुन्याचा हात दिला, पुसट झालेली शेंदरी रेघ होती तिथंच पुन्हा ओढली आणि यंदाच्या पाण्याची रेघ निळीनं खाली दाखवली. सरपंचानं ब्रश धरला याचं गावाला कोण कौतुक.

"गुंडा आपलाच हाय रं," कृष्णात म्हणाला. "पर लोक खवळल्यात. गावातल्या कुनी निकाल दिला तर पक्षपात म्हनतील. तू भाईरचा. तू सांगितलेलं समदी ऐकतील."

"आनि गुंडाचा दोष निघाला तर?"

"तर निघाला. पोटात घालू, पर पुढची घरं त्याच्या हातची नकोत. दिवाळीनंतर वरच्या अंगाला आनि बांधायची हायती."

देवळाची भिंत पांढरीफेक होती. वर शेंदरी रेघ, तिच्या खाली चार बोटांवर निळी. शेजारच्या पिंपळाच्या सालीवर यंदाच्या गाळाचा पट्टा होता तो निळीशी बरोबर जुळत होता, हे वीरधवलनं पाहून घेतलं. आणखी खाली एका ठिकाणी चुन्याचे पोपडे उठले होते. ओल असेल, असं दुष्काळी माणसाच्या मनात आलं आणि त्यानं तिथून नजर काढली.

तेवढ्यात रंगूबाई आली. देवीची दिवाबत्ती तिच्याकडे. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात तेलाची वाटी. तिनं पायानं एक दगड भिंतीशी सरकवला, त्यावर चढली, चाचपत चाचपत रेघेला तेलाचं बोट लावलं आणि वर कुंकू टेकवलं. तोल जायला लागला तसा वीरधवलनं तिचा दंड धरला.

"म्हातारपन वाईट बाबा," ती उतरताना म्हणाली. "छावनीत पडून पाठ पार वाकली. मानूस खुजं हुतंय."

कृष्णात हसला आणि तिला दहा वर्षं तरी मरण नाही म्हणाला.

३

वीरधवलनं पहिला गाठला तो जयपाल अण्णा. जैन गल्लीतला व्यापारी, खालच्या आळीत भरावाला मुरूम त्यानंच दिला होता. गावात दुसरी कुजबुज होती ती त्याच्याबद्दल: मुरूम हलका होता, म्हणून घरंच खाली बसली.

अण्णांनी चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही. घर खचायला लागलं की पहिल्यांदा काय होतं हे सुभेदारांना ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. भिंतीला तिरपी चीर जाते. चौकट वाकडी होते आणि दार अडकतं. त्यांनी चपला घातल्या आणि वीरधवलला घेऊन सरळ खालच्या आळीत आले. घराघरात जाऊन त्यांनी दारं उघडून लावून दाखवली. एकही दार कुरकुरलं नाही. भिंतीला कुठे केसाएवढी चीर नव्हती.

"हरणाबाई माझ्या आईची मैत्रीण," अण्णा म्हणाले. "ती, पद्मावतीअक्का, अजून जेवत नाही नीट. माझ्यावर काय घ्यायचा तो संशय घ्या, पण घरं खचलेली नाहीत."

मुरूम सुटला. राहिला घरांचे नकाशे काढणारा इंजिनिअर.

ऋषिराजचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत. पोरगा तरुण होता, बुटांना पॉलिश, टेबलावर खांबांची छोटी प्रतिकृती. त्यानं आधी हात झटकले. खांब, सळई, पाया हे त्याचं काम, आणि पुरात एक खांब हललेला नाही. फरशीची उंची त्यानं आकड्यात दिलीच नव्हती. गावानं ठरवलं होतं तसं, रेघेच्या वीतभर वर. उंची रेघेवरून आणायची ती गवंड्यानं.

आणि ती आणताना तू कुठे होतास, असं वीरधवलनं विचारलं. ऋषिराजनं प्रतिकृती बाजूला सरकवली. मग म्हणाला की एका घराच्या वेळी तो तिथंच होता. पाण्यानं भरलेल्या नळीचं एक टोक देवळावरच्या रेघेला, दुसरं खांबाला. गुंडानं त्याच्या डोळ्यांदेखत नळीतलं पाणी रेघेशी जुळवलं होतं. चूक नव्हती.

"हे गावात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. सरपंच म्हणाले, तू स्वतःला वाचवायला गवंड्याची बाजू घेतोस. गप्प बसलेलं तुझ्या हिताचं."

परत येताना एस.टी.त वीरधवलच्या डोक्यात हे वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. इंजिनिअर स्वतःला वाचवत असता तर त्यानं गवंड्याला बुडवला असता. तो बाजू कशाला घेईल?

४

गुंडा गोठ्याच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीत. प्रश्न विचारला की उत्तर अंजना द्यायची. सासूबाईंची वाकळ तिनं धुऊन वलणीवर टाकली होती. ती वाळून कडक झाली तरी काढायचा तिला धीर होत नव्हता.

वीरधवल त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. मग त्यानं विचारलं, उंची एकदाच आणून सगळ्या घरांना वाटलीस, की प्रत्येक घराला वेगळी आणलीस?

"परत्येकाला येगळी," गुंडा पहिल्यांदाच बोलला. "बा सांगायचा, एका घरावरनं दुसऱ्या घराची उंची घेऊ ने. चूक झाली तर ती म्होरं म्होरं जाती. मी दर खेपंला देवळापासनं नळी आनली."

"नळीत बुडबुडा राहिला असंल."

"ऱ्हायला असंल. काय ठावं. आता माजा माज्यावरच इस्वास न्हाई सुभेदार. तवा रेघ खाली हुती असं मला वाटतंय, पर लोक म्हनत्यात रेघ हाय तिथंच हाय. रेघ कशी खोटी असंल? देवीची हाय. म्हंजी मीच खोटा. आय माज्याच हातनं गेली."

अंजनानं तोंडाला पदर लावला. "रातीला उठून बसत्यात," ती म्हणाली. "विहिरीकडं बघत ऱ्हात्यात. थापी काढायची म्हनत्यात, पर मला भ्या वाटतं. तुमी काय त्ये लवकर सांगा. मारलं म्हना न्हाईतर न्हाई म्हना, पर सांगा."

वीरधवलनं गुंडाचीच नळी मागून घेतली. जयपाल अण्णांनी एक टोक देवळावरच्या शेंदरी रेघेला धरलं, दुसरं टोक वीरधवल घराघरात घेऊन फिरला. पहिल्या घराची फरशी असायला हवी त्याच्या हातभर खाली निघाली. दुसऱ्याची हातभर. तिसऱ्याची हातभर. आळीच्या टोकाच्या घरापर्यंत तेच.

तो शेवटच्या घराच्या पायरीवर बसला. बुडबुड्यानं झालेली चूक एका घरात बोटभर असते, दुसऱ्यात दोन बोटं, तिसऱ्यात नसतेच. सामान खाणारा गवंडीही स्वतःच्या आईच्या घरात तरी फरशी वर घेतो. इथं सगळी घरं हातभर खाली, आणि एकमेकांशी मात्र तंतोतंत सारखी. इतकं सारखं चुकायला माणूस फार चोख लागतो. गुंडाचा हात चुकला नव्हता. मग ज्याला नळी लावली होती तेच चुकीच्या जागी असणार.

५

दुसरा दिवस शुक्रवार होता. रंगूबाई देवळात आली तेव्हा वीरधवल आधीच बसलेला होता. तिनं दगड सरकवला.

"मावशी, ह्यो दगड किती दिवस घेताय?"

"पूर वसरल्यापासनं. म्हनलं न्हवं, पाठ वाकली."

"आनि गेल्या साली?"

"गेल्या साली कशाला दगड? ह्या डोळ्यांनी रेघ दिसत न्हाई मला. हात लावून हुडकायची. कपाळाच्या उंचीला हात न्यायचा, की रेघ हाताला गावायची. शेंदराचा थर चांगला जाड हुता. आता नवा शेंदूर, लागतबी न्हाई हाताला."

वीरधवल तिच्याकडे बघत राहिला. म्हातारीची पाठ वाकली होती हे खरं, पण हातभर? माणूस दोन महिन्यांत हातभर खुजं होत नाही. त्यानं तिच्या कपाळाच्या उंचीला भिंतीवर बोट ठेवलं. बरोबर तिथंच ते पोपडे होते. ओल म्हणून त्यानं नजर काढली होती तीच जागा. त्यानं नखानं एक पोपडा उचलला आणि बोट नाकाशी नेलं. शेंगदाण्याचं तेल.

शेंदूर तेलात कालवतात. त्यावर दर मंगळवारी नि शुक्रवारी रंगूबाईचं तेलाचं बोट. दोन वर्षांत भिंतीचा दगड तेल प्यायला होता, आणि तेलावर चुना धरत नाही. हे कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण ज्यानं चुना दिला त्यानं आयुष्यात कधी रेघेला हळदीकुंकू वाहिलं नव्हतं.

चुना कुणी दिला हे वीरधवलला विचारायची गरज नव्हती. ते त्याला मोठ्या कौतुकानं सांगून झालं होतं.

दुपारी कृष्णातकडे जेवण होतं. त्याच्या बायकोनं, संयोगितावहिनीनं, खास माणच्या माणसासाठी बाजरीची भाकरी केली होती. कृष्णातनं स्वतःच्या हातानं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि उद्या सकाळी गावाला बोलावलंय, निकाल सांगून टाक, असं म्हणाला. ज्या पोटावर आपले पाय ठेवून आपण वाचलो, त्याच पोटात हे होतं. वीरधवलला रडावंसं वाटलं, आणि साठीच्या माणसाला जेवताना रडता येत नाही म्हणून तो पाणी प्यायला.

६

सकाळी देवळापुढे गाव जमलं. गुंडा मागे उभा होता, अंजनाच्या आडोशाला. वीरधवलनं भाषण केलं नाही. त्यानं रंगूबाईला पुढे बोलावलं.

"मावशी, दगड नको. जुन्या सवयीनं हात न्या आनि कुकू लावा."

म्हातारी गोंधळली, पण तिचा हात गोंधळला नाही. तो सरळ कपाळाच्या उंचीला गेला आणि पोपड्यांवर कुंकवाचा ठिपका उमटला. वीरधवलनं खिशातला चाकू काढला आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचा चुना खरवडला. आत शेंदराचा जाड, काळपट, तेलकट पट्टा होता. तो जसजसा खरवडत गेला तसतशी आडवी रेघ भिंतभर उघडी होत गेली.

नळीचं एक टोक त्यानं जुन्या रेघेला धरायला लावलं आणि दुसरं जयपाल अण्णांच्या हातात देऊन त्यांना गुंडाच्या घरात पाठवलं. अण्णा जिन्यातूनच ओरडले, फरशी वीतभर वर. मग शेजारच्या घरातून, मग त्याच्या शेजारच्या. वीतभर, वीतभर.

"म्हंजी मी खुजी झालीच न्हाई," रंगूबाई स्वतःशीच म्हणाली.

कृष्णात पारावर बसून होता. उठला नाही. वीरधवल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता जे बोलायचं ते दोघांतच बोलावं असं त्याला फार वाटत होतं, पण गुंडावर आळ गावासमोर आला होता.

"एकोनीसला गाव छावनीत हुतं, तवा पैली रेघ तूच वडलीस ना?"

कृष्णातनं मान हलवली.

"हातभर खाली?"

"खरी रेघ दावली असती तर सरकारवाले सगळी खालची आळी माळावर नेनार हुते," कृष्णात हळू म्हणाला. "निम्मं गाव जानार. मळे हितं, मानसं तिकडं. दुसरा महापूर आपल्या हयातीत येत न्हाई असं वाटलं मला. गाव फुटू ने म्हनून केलं रं."

"पैली गावासाठी वडलीस. मानलं. दुसरी कुनासाठी?"

उत्तर सगळ्यांना दिसत होतं. पूर ओसरल्यावर गाळात माखलेली आपली खोटी रेघ यंदाच्या पाण्याच्या खुणेखाली गेलेली त्यानं पाहिली; पाणी महापुराहून कमी हे सरकारी आकड्यांत होतंच, म्हणजे रेघ खोटी हे उघड पडणार, म्हणून गाव परतायच्या आत चुना फासून खरी रेघ खऱ्या जागी ओढली. दोन वर्षांत पहिल्यांदा देवळावर खरं लिहिलं गेलं, ते एका खऱ्या माणसाला खोटा पाडायला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर शेजाऱ्याच्या बैलाकडे बोट दाखवलं होतं.

गर्दी दुभंगली. गुंडा पुढे आला. सगळ्यांना वाटलं आता हा सरपंचाच्या अंगावर जाणार. पण त्यानं कृष्णातकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खरवडलेल्या रेघेपाशी गेला, तिच्यावर पालथा हात ठेवला आणि वीरधवलला विचारलं, "आय माज्या हातनं गेली न्हाई?"

"न्हाई. तुजा हात बरोबर हुता."

गुंडा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. अंजना त्याच्याजवळ गेली नाही. ती विहिरीकडे धावली, आणि तिच्यामागून दोघे-तिघे दोर आणि गळ घेऊन. संयोगितावहिनी देवळापुढून निघून गेल्या, नवऱ्याकडे न बघता.

एस.टी.च्या थांब्यावर कृष्णात मागून आला. एका दिवसात तो म्हातारा झाला होता. उद्या आपण स्वतः तालुक्याला जाऊन सगळं सांगणार, असं म्हणाला. वीरधवलनं ऐकून घेतलं. एवढा एकच प्रश्न त्याच्या मनात राहिला होता.

"निकाल लावायला मानसं लय हुती. मलाच का बोलावलंस?"

कृष्णात रस्त्याकडे बघत होता. "तू मानचा. पान्यातलं तुला काय कळनार, असं वाटलं."

"आनि कळलं असतं तर?"

"तर काय गड्या," कृष्णात म्हणाला, "तू माजाच हुतास की."

गाडी आली. वीरधवल चढला आणि मागं वळून न बघता खिडकीशी बसला. बाहेर उन्हाचा कडाका होता, उसाची पानं सुद्धा हलत नव्हती. तरी गाडीनं कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांची बोटं थंडीनं दुखायला लागली, आणि दहिवडी येईपर्यंत ती दुखतच राहिली.